उरलेला ओझोन आणि घाईतलं पाणी

पावसाळा सुरू झाला की गावातला जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो. काचेच्या छोट्या नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडिनचे चार-पाच थेंब, आणि मग रंगाची वाट. पाणी पिवळं झालं की टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकीत नीट पडली आहे, रंगच आला नाही की कुणाला तरी फोन जातो. ही तपासणी सोपी आहे, कारण क्लोरीन चिवट असतो. टाकीत टाकलेला थोडा तरी क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत टिकतो, आणि तो दिसला की वाटेत त्याने आपलं काम केलं असावं असं आपण धरून चालतो.

ओझोनच्या बाबतीत ही सोय नाही. ओझोनने शुद्ध केलेल्या पाण्यात नळावर ओझोन शोधायला गेलात तर हाती शून्य येईल. जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी बाहेर पडायच्या आतच तो संपलेला असतो. म्हणजे ज्याने जंतू मारले म्हणायचं तो पुरावा न ठेवता निघून गेलेला. मग त्याने जंतू मारले, आणि किती मारले, हे कशावरून ठरवायचं?

ओझोन म्हणजे ऑक्सिजनचे तीन अणू एकत्र आलेला रेणू. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोनच अणू असतात, आणि तिसऱ्याला तिथे फार काळ राहवत नाही. जे समोर सापडेल त्याच्यावर तो तुटून पडतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथल्या शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास या वायूला नाव दिलं ते त्याच्या वासावरून, ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. झेरॉक्सच्या दुकानात जुनं मशीन सलग चालू असलं की नाकाला झोंबणारा जो वास येतो, तो बहुतेक याचाच. साठवून किंवा टँकरने आणून हा वायू वापरता येत नाही. ऑक्सिजनमधून उच्च दाबाची वीज सोडून तो केंद्रातच बनवायचा आणि बारीक बुडबुड्यांनी लगेच पाण्यात मिसळायचा. फ्रान्समधल्या नीस शहराने १९०६ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर सुरू केलं, म्हणजे तंत्र काही नवं नाही.

सर्वात सरळ उपाय कुणालाही सुचेल: शुद्ध झालेलं पाणी घ्या, प्रयोगशाळेत पाठवा, जंतू मोजा. ही तपासणी होतेच, व्हायलाच हवी. पण तिच्या दोन अडचणी आहेत. पहिली वेळेची. जिवाणू वाढवून मोजायला साधारण एक दिवस लागतो, आणि तेवढ्यात ते पाणी लोकांनी पिऊनही टाकलेलं असतं. दुसरी अडचण जास्त खोल आहे. आपण मोजतो ते ई. कोलायसारखे जिवाणू, आणि ते बिचारे फार लवकर मरतात. ते मेले म्हणून त्यांच्यापेक्षा दणकट जंतूही मेले असा अर्थ होत नाही.

याची किंमत अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराने १९९३ मध्ये मोजली. मिशिगन सरोवराचं पाणी, गाळलेलं, क्लोरीन दिलेलं, तेव्हाच्या नियमांत बसणारं. मार्च-एप्रिलमध्ये शहरात जुलाबाची साथ आली आणि नंतरच्या अंदाजानुसार सुमारे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच खचली होती, विशेषतः एड्सचे रुग्ण, त्यांच्यातले कित्येक दगावले. कारण निघालं क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी. त्याची अंडीवजा कोशिका पाच-सहा मायक्रॉनची, जाड कवचाची. दक्षिणेकडच्या केंद्रात त्या दिवसांत गाळण्यात ढिलाई आली, पाण्याचा गढूळपणा वाढला, आणि कोशिका गाळणीतून निसटल्या. पुढे क्लोरीन होता, पण त्याचं या कवचापुढे काही चालत नाही. कोलिफॉर्म, म्हणजे ई. कोलायच्या गटातल्या जिवाणूंची तपासणी मात्र स्वच्छ येत होती.

क्लोरीनचं काही चालत नाही म्हणजे किती? १ मिलिग्रॅम प्रति लिटर एवढा क्लोरीन कायम ठेवला, पाणी २५ अंश सेल्सिअस कोमट ठेवलं, तरी क्रिप्टोच्या ९९.९ टक्के कोशिका निकामी व्हायला १५,३०० मिनिटं लागतात. हिशेब केला तर साडेदहा दिवस. तेवढ्याच तापमानाला तेवढाच ओझोन हे काम साडेसात मिनिटांच्या आत करतो.

या वाक्यातच ओझोन मोजण्याची सगळी रीत लपलेली आहे. ‘एवढं प्रमाण, एवढी मिनिटं’. पापड वाळवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही. कडक ऊन असेल तर एका दिवसात काम, कोवळं असेल तर तीन-चार दिवस. ऊन आणि वेळ यांचा गुणाकार भरला की पापड वाळले. निर्जंतुकीकरणात हाच गुणाकार जंतुनाशकाचं प्रमाण आणि वेळ यांचा असतो, आणि पाण्याच्या धंद्यात त्याला सीटी म्हणतात: सी म्हणजे प्रमाण, टी म्हणजे वेळ. २ मिलिग्रॅम प्रति लिटर ५ मिनिटं किंवा १ मिलिग्रॅम १० मिनिटं, दोन्हीकडे सीटी १० च.

याचं मूळ १९०८ मध्ये आहे. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक जंतुनाशकांवर प्रयोग करत होत्या. त्यांच्या लक्षात आलं की जंतू एकदम मरत नाहीत. ठराविक वेळात जेवढे शिल्लक आहेत त्यांचा ठराविक हिस्सा मरतो, पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्यांचा पुन्हा तेवढाच हिस्सा. त्याच वर्षी हर्बर्ट वॉटसन यांनी त्यात जंतुनाशकाच्या प्रमाणाचा हिशेब बसवला. (चिकबाई पुढे १०२ वर्षं जगल्या. जंतूंच्या मरणाचा नियम मांडणाऱ्या बाईने शंभरी ओलांडावी, हे मला उगाच आवडतं.)

ठराविक हिस्सा मरतो म्हणूनच या क्षेत्रात लोक टक्क्यांपेक्षा ‘लॉग’ बोलतात. दहातले नऊ गेले की १ लॉग. उरलेल्यांतलेही दर दहातले नऊ गेले, म्हणजे एकूण ९९ टक्के, की २ लॉग. ३ लॉग म्हणजे ९९.९, ४ लॉग म्हणजे ९९.९९. कानाला ९९ आणि ९९.९९ यांत फारसा फरक वाटत नाही, पण दहा हजार विषाणूंतले पहिल्यात शंभर जिवंत राहतात आणि दुसऱ्यात एक.

फ्रान्सने हा गुणाकार १९६० च्या दशकातच कामाला लावला होता. पोलिओच्या विषाणूवर प्रयोग झाले आणि त्यातून एक साधा नियम निघाला: पाण्यात ०.४ मिलिग्रॅम प्रति लिटर ओझोन ४ मिनिटं टिकला पाहिजे. गुणाकार १.६. यातला महत्त्वाचा शब्द ‘टिकला’ हा आहे. किती टाकला, हे नियम विचारतच नाही.

पाण्यात ओझोन सोडला की त्याचा पहिला घास जंतू नसतात. कुजलेल्या पानांचा अर्क, लोह, मँगनीज, रंग, वास, जे काही विरघळलेलं असेल ते तो आधी खातो. दोन मिलिग्रॅम टाकावा आणि मिनिटभरात एकच उरावा, असं सहज होतं. तो उरलेलाही हळूहळू तुटत जातो. पाणी अल्कधर्मी किंवा कोमट असेल तर जास्त लवकर. पावसाळी गढूळ पाणी आणि उन्हाळ्याचं निवळ पाणी यांना एकच डोस दिला तर उरलेला ओझोन कितीतरी वेगळा असेल. म्हणून मीटरवर ‘आज इतका ओझोन तयार केला’ हा आकडा विजेच्या बिलासाठी ठीक. जंतूंसाठी उरलेला मोजायचा.

पण तो मोजायचा कसा? हा वायू बाटली हलवली तरी उडून जातो, आणि प्रयोगशाळेपर्यंत नमुना नेईपर्यंत निम्मा गायब. पूर्वी पोटॅशियम आयोडाइड वापरत. ओझोन त्यातून आयोडीन मोकळं करतो आणि ते आयोडीन मोजायचं. पण क्लोरीनही तेच करतो, इतर ऑक्सिडीकारकही तेच करतात. मग आकडा कुणाचा, हे कळेना. १९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाडर आणि होइग्ने यांनी जी युक्ती काढली ती आजही प्रमाण मानली जाते: नीळ.

ही नीळ म्हणजे पांढऱ्या कपड्यांना द्यायची ती पुडीतली नव्हे, ती बहुतेक वेळा वेगळ्याच खनिजाची असते. ही खरी, इंडिगोची, जिच्यावर जीन्सची पँट रंगते. इंडिगोच्या रेणूच्या मधोमध एक दुहेरी बंध असतो आणि त्यावर ओझोनचा फार डोळा. तो बंध तुटला की निळा रंग गेला. जीन्सचे कारखाने नव्या पँटला विटका रंग देण्यासाठी हल्ली ओझोन वापरतात, तो याच कारणाने. मोजणीत आम्लयुक्त निळीचं द्रावण आधीच फ्लास्कमध्ये भरून न्यायचं आणि नमुन्याच्या नळीचं टोक थेट त्यात बुडवून पाणी सोडायचं, बुडबुडे न येऊ देता. ओझोनचा एक रेणू निळीचा एक रेणू विटवतो. प्रयोगशाळेत ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात किती निळेपण कमी झालं ते पाहायचं, की ओझोनचा आकडा हातात. आम्लामुळे ओझोनचं स्वतःहून तुटणंही जवळजवळ थांबतं, आणि एकदा तो निळीवर खर्च झाला की उडून जायचा प्रश्न उरत नाही. पाण्यात क्लोरीन असेल तर मॅलोनिक आम्ल घालून त्याला गप्प करतात. ओटी टेस्टमध्ये रंग आला की आनंद, इथे रंग गेला की.

मोठ्या केंद्रांत दर मिनिटाला कुणी फ्लास्क घेऊन धावत नाही. तिथे पाण्यात बुडवलेले विद्युत्-रासायनिक प्रोब असतात, किंवा अतिनील प्रकाश किती शोषला जातो हे पाहणारी यंत्रं. ओझोन साधारण २५४ ते २६० नॅनोमीटरचा प्रकाश जोरात शोषतो, आणि डोक्यावरचा ओझोनचा थर सूर्याचे अतिनील किरण अडवतो तो याच गुणावर. पण प्रोब भरकटतात. म्हणून ठराविक दिवसांनी निळीच्या परीक्षेला त्यांना बसवावंच लागतं.

प्रमाण झालं. आता वेळ. वाटतं, इथे काय अवघड आहे? टाकी तीन लाख लिटरची, मिनिटाला दहा हजार लिटर पाणी येतं-जातं, म्हणजे पाणी आत तीस मिनिटं राहतं. गणित बरोबर आहे आणि उत्तर चूक.

दिंडीत वारकरी रांगेने चालतात. जो आधी निघाला तो आधी पोचतो, आणि सगळ्यांना जवळजवळ सारखाच वेळ लागतो. जत्रेत तसं नसतं. कुणी शिरल्या शिरल्या कडेने सटकतो, कुणी पाळण्यापाशी तासभर रेंगाळतो. टाकीतलं पाणी जत्रेसारखं वागतं. काही पाणी आत येताच सरळ बाहेरच्या पाइपाकडे धावतं, काही कोपऱ्यात गोल फिरत बसतं. सरासरी तीस मिनिटं खरी, पण आजारी पाडणारा जंतू सरासरी पाण्यात बसून येईल असं कुणी सांगितलंय? तो सर्वात घाईतल्या पाण्यातूनही येईल.

म्हणून टाकीत पाण्याच्या प्रवासाची चाचणी करतात. आत येणाऱ्या पाण्यात एखादा निरुपद्रवी ओळखपदार्थ, फ्लोराइड किंवा लिथियमचा क्षार, एका ठरलेल्या क्षणापासून घालायला सुरुवात करायची. बाहेर दर मिनिटाला नमुने घ्यायचे. बाहेरचं प्रमाण आतल्या प्रमाणाच्या १० टक्क्यांवर पोचायला जितकी मिनिटं लागली, ती नोंदवायची. ही टी-टेन. याचा अर्थ फक्त दहा टक्के पाणी याहून लवकर निसटलं, बाकीचे नव्वद टक्के किमान एवढा वेळ आत होतं. सीटीमधला टी हाच धरायचा.

हा आकडा पाहून अनेक अभियंत्यांचे चेहरे उतरले असतील. आत एकही आडभिंत नसलेल्या टाकीत टी-टेन सरासरीच्या दहाव्या हिश्शाइतकी धरावी लागते. तीस मिनिटांची टाकी, श्रेय तीन मिनिटांचं. आत आडभिंती घालून पाण्याला खालून वर, वरून खाली नागमोडी फिरवलं की हेच प्रमाण ०.७ पर्यंत जातं, म्हणजे एकवीस मिनिटं. टाकी तीच, पाणी तेच. माझ्या मते निर्जंतुकीकरणातला सगळ्यात स्वस्त सुधार भिंतींचा आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची फीत कुणी कापत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. एका केंद्रात ओझोन मिसळल्यानंतर पाणी चार कप्प्यांतून जातं. प्रत्येक कप्प्याची टी-टेन ३ मिनिटं. कप्प्यांच्या शेवटी मोजलेला ओझोन अनुक्रमे ०.९, ०.६, ०.४ आणि ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर. कप्प्याच्या शेवटचा आकडा घेतो कारण तो त्या कप्प्यातला सर्वात कमी असतो, चूक झालीच तर सावधपणाच्या बाजूने होते. बेरीज २.१, गुणिले ३, सीटी ६.३.

हा ६.३ चांगला की वाईट? कोणासाठी, आणि किती अंशांना, यावर अवलंबून. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या तक्त्यांत जिआर्डिया या परजीवीच्या ९९.९ टक्क्यांसाठी ५ अंशांच्या गार पाण्यातही १.९ पुरते. विषाणूंच्या ९९.९९ टक्क्यांसाठी १० अंशांना १ पुरते. म्हणजे दोघांसाठी आपलं केंद्र उत्तम. क्रिप्टोसाठी त्या संस्थेने २००६ च्या नियमांत एक सूत्र दिलं आहे. त्यातून २५ अंशांना आपल्या ६.३ चे अडीच लॉग निघतात, ९९.७ टक्के. २० अंशांना १.६ लॉग, साधारण ९७.५ टक्के. आणि ५ अंशांना? जेमतेम ०.४ लॉग, ६० टक्के. शंभरातल्या चाळीस कोशिका जिवंत बाहेर. थंड पाण्यात ओझोन सावकाश तुटतो, त्यामुळे तो जास्त वेळ उरतो, ही थोडी भरपाई. पण ती पुरी पडत नाही. पाणी दहा अंशांनी गार झालं की क्रिप्टोसाठी लागणारी सीटी अडीच पटीने वाढते.

हे तक्ते आले कुठून, हेही सांगायला हवं, कारण सगळी इमारत त्यांच्यावर उभी आहे. प्रयोगशाळेत मोजून कोशिका घेतल्या, ठराविक तापमानाला ठराविक ओझोन दिला, आणि मग त्या जिवंत आहेत का ते पाहिलं. क्रिप्टोचं जिवंत असणं ओळखणं कठीण. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर कवच शाबूत दिसतं, पण आतला जीव आजार निर्माण करण्याच्या लायकीचा राहिलाय का, हे रंग सांगत नाही. रंगाच्या चाचण्या अनेकदा निकामी कोशिकांनाही जिवंत म्हणून मोजतात. म्हणून संशोधकांनी त्या कोशिका नवजात उंदरांना पाजल्या आणि किती पिल्लांना लागण झाली ते मोजलं. नळाच्या पाण्याच्या सुरक्षिततेचा आकडा अखेर उंदराच्या पिल्लांच्या आतड्यात ठरला. तज्ज्ञ ‘मारले’ न म्हणता ‘निष्क्रिय केले’ म्हणतात ते याच कारणाने. असे प्रयोग एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून नियमातलं सूत्र मुद्दाम सावध बाजूला झुकवलेलं आहे.

मग सरळ ओझोन वाढवा ना, सीटी वाढेल? इथे ब्रोमाइड आडवं येतं. समुद्राच्या जवळच्या किंवा काही भूजलाच्या पाण्यात हा क्षार असतो. ओझोन त्याचं ब्रोमेट करतो, आणि ब्रोमेटमुळे कर्करोग होऊ शकतो असं मानलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये कोका-कोलाने दसानी नावाचं बाटलीबंद पाणी आणलं. चवीसाठी त्यात कॅल्शियम क्लोराइड घातलं, त्यात थोडं ब्रोमाइड आलं, नंतर ओझोन दिला, आणि काही बाटल्यांत ब्रोमेट मर्यादेच्या दुपटीवर गेलं. सुमारे पाच लाख बाटल्या परत घ्याव्या लागल्या. त्यामुळे ओझोन केंद्रात दोन कुंपणांच्या मधून चालावं लागतं: सीटी या आकड्याखाली जाऊ द्यायची नाही, ब्रोमेट त्या आकड्यावर. आम्लता थोडी वाढवून किंवा अमोनिया घालून ब्रोमेट दाबता येतं, पण मोजणीचा व्याप तेवढा वाढतो.

आणखी एक गंमत. ओझोन मोठे सेंद्रिय रेणू तोडून त्यांचे लहान तुकडे करतो, आणि ते तुकडे म्हणजे उरल्यासुरल्या जिवाणूंना आयतं जेवण. म्हणून ओझोननंतर बहुधा जैविक गाळणी ठेवतात. आणि पाइपातल्या पुढच्या प्रवासासाठी, जिथे ओझोन पोचतच नाही, शेवटी थोडा क्लोरीन घालावाच लागतो. म्हणजे जलसुरक्षकाची पिवळी नळी ओझोनच्या शहरातही सुटत नाही.

मिलवॉकीने साथीनंतर सरोवरातून पाणी घेण्याची जागा बदलली, गाळण्या सुधारल्या आणि १९९८ पासून ओझोन सुरू केला. तिथे हिवाळ्यात सरोवराचं पाणी शून्याच्या आसपास येतं. म्हणजे ज्या जंतूसाठी ही सगळी यंत्रणा उभी केली, त्याच्याविरुद्ध ती सर्वात अशक्त असते ती नेमकी त्या महिन्यांत. एकट्या ओझोनवर भिस्त टाकणं तिथे परवडण्यासारखं नाही. गाळणीने आधी बहुतेक कोशिका अडवायच्या, उरलेल्यांवर ओझोन.

आपल्याकडे ओझोन भेटतो तो मुख्यतः एसटी स्टँडवर घेतलेल्या बाटलीच्या लेबलावर, ‘ओझोनाइज्ड’ या शब्दात. ती बाटली घरी आणून कुणी निळीची परीक्षा केली तर निळा रंग तसाच राहील, कारण आत ओझोन कधीच संपलेला आहे. किती उरला होता, किती मिनिटं आणि किती अंशांना, हे भरण्याच्या ठिकाणच्या नोंदवहीत असतं, किंवा नसतं.